तबकडी दिसेनाशी होते तिथे

दर मंगळवारी सकाळी आठला
मी होडी वल्हवत तळ्याच्या मधोमध जाते
आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी
पाण्यात सोडते.
दिसेनाशी झाली की दोरी तिथेच चिमटीत धरायची,
वहीत लिहायचं: चाळीस सेंटिमीटर.
कोपरापर्यंत हात बुडवला
तर बोटं परकी होतात इथे.

लिकोलाम्पी, म्हणजे भिजवणीचं तळं.
गावच्या बायका यात जवसाच्या पेंढ्या कुजत घालायच्या.
मग ओइवाच्या बावीस गाई आल्या,
मग पोत्यातलं खत,
मग हेलसिंकीकरांच्या उन्हाळी घरांचे संडास.
आम्ही वाढत गेलो,
पुरे म्हणायला तळ्याला तोंड नव्हतं.

जुलैत वारा जिकडे वाहील तिकडच्या काठाला
हिरवी साय धरते,
रंगाचा डबा लवंडावा तशी.
धक्क्यावर पाटी: पोहू नये, कुत्र्यांना पाणी पाजू नये.
माझ्या कुत्र्याला वाचता येत नाही,
म्हणून उन्हाळाभर पट्टा माझ्या मनगटाला.

लाहतीहून सायमी आली, तळ्यांची डॉक्टर,
वय सव्वीस, बुटांना आमचाच चिखल.
कॉफीच्या टेबलावर तिनं साखरेचे खडे मांडले:
हे शेवाळ. ही पाणपिसू, शेवाळ खाणारी.
आणि ही सार्की, बोटाएवढी, पिसवा खाणारी.
ओइवानं मधला खडा उचलून तोंडात टाकला.
"झालं," सायमी म्हणाली, "आता शेवाळाला रान मोकळं."
तो खडा चघळत बराच वेळ
टेबलाकडे बघत राहिला.

सप्टेंबरात जाळं ओढलं.
दोन होड्या, पाच माणसं, त्यातल्या तिघांचे गुडघे नवे.
अकराशे किलो सार्की आणि लाहना,
ओल्या नाण्यांच्या ढिगासारख्या.
पट्ट्यापट्ट्यांचे आहवेन वेचून परत सोडले,
आणि एक हाउकी, माझ्या हाताएवढा,
तो सोडल्यावरही क्षणभर
माझ्या रबरी हातमोज्यात रेंगाळला
अन् मग नव्हताच.

उरलेल्यांचं काय करायचं?
ओइवा म्हणाला, "माझ्या शेतात."
तेवढंच.
जे चाळीस वर्षं उतारावरून ओघळत गेलं
ते ट्रेलरमधून चढ चढून आलं,
खवल्यांसकट, डोळ्यांसकट.
तीन दिवस कुरव पक्ष्यांचा गोंगाट.
तो खिडकी लावून ट्रॅक्टर चालवत राहिला.

फेब्रुवारीत बर्फाला गिरमिटानं भोक पाडलं
तर आधी वास वर आला, नासक्या अंड्यांचा.
तळाशी प्राणवायू जवळजवळ नाहीच.
ओढ्याच्या तोंडाशी, जिथे बर्फ पातळ असतो,
आहवेन दाटीवाटीनं उभे,
दवाखान्याच्या बाहेर असावेत तसे.
फक्त रूताना खाली गाळातच.
सायमीनं सांगितलं, हवा संपली की
ती अंगातल्या साखरेची दारू करते
आणि तेवढ्यावर बर्फ वितळेपर्यंत तग धरते.
आम्ही हसलो.
ओइवाही हसला, मग टोपी कानांवर ओढत म्हणाला,
"हेल्लिन गेल्यानंतरचे दोन हिवाळे
मीही तसेच काढले."
गिरमिटाच्या पात्यावरचं बर्फ
मी उगाच नखानं खरवडत बसले.

मेमध्ये तबकडी: पंचावन्न.
एका वितीचीही वाढ नाही.
सायमीनं फोनवर सांगितलं, हुरळू नका,
गाळात अजून पन्नास वर्षांची शिदोरी आहे.
वहीत तेही लिहिलं.

काल मंगळवार. ओइवा होडीत येऊन बसला,
न विचारता, खिशात साखरेचे खडे.
तबकडी सोडली.
हिरवट झाली, मग धूसर, मग माझ्यापुरती गेली.
मी दोरी चिमटीत धरली.
तो काठावरून वाकलेला,
दोन्ही तळव्यांचा आडोसा करून.
"थांब," म्हणाला. "दिसतेय अजून."

नियम असा की डोळे एकाच माणसाचे हवेत.
मी दोरी आणखी सोडली.
वहीत दोन आकडे आहेत.